साहेबांचं नाक आणि पाइपातला साबण

मनकर्णाला राग येतो असं गावात कुणी म्हणत नाही. मनकर्णा रागातच असते, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकानंही तिला कधी विचारलं नाही की बाई, हा राग कशाचा? विचारलं असतं तर तिनं धडाधड सांगितलं असतं आणि ऐकणाऱ्याला उठून जायची सोयही ठेवली नसती. ते राहिलं, म्हणून हे इथं सांगायचं.

गाव वडवणीपासून दहा-बारा किलोमीटरवर. पाटी आहे, एसटी थांबत नाही. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, तिथं मनकर्णा आणि तिचा नवरा जालिंदर राहतात. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं दोघं दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जात होते. थंडीत पाचटाच्या खोपीत राहायचं, उजाडायच्या आत फडात उभं राहायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. तिच्या टोळीतल्या छबुबाईची तर सव्विसाव्या वर्षीच गर्भपिशवी काढली होती, पाळीमुळं कामात खाडा नको म्हणून. डॉक्टर म्हणाला काढा, मुकादम म्हणाला काढा, नवरा म्हणाला काढा. छबुबाईला काय वाटतं हे विचारायचं मात्र सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं. मनकर्णाचा राग मोजायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. वस्तीतलं बोअर आटलं. पंचायतीची माणसं आली, मोटर काढून घेऊन गेली आणि वर ओढलेला निळा प्लास्टिकचा पाइप तिथंच टाकून गेली. तळहाताएवढ्या तोंडाचा, चांगला जाड पाइप. पोरं त्यावर बसून घोडा घोडा खेळायची. पाणी द्यायचं सोडून तो पाइप बाकी सगळ्या कामाचा होता.

त्याच उन्हाळ्यात वडवणीला बचत गटाच्या बायांना साबण करायचं चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी बाई भली होती, पण तिचे साचे वाईट होते. पातळ प्लास्टिकचे, चॉकलेटच्या डब्यात खाचा असतात तसे. कॉस्टिक सोडा आणि तेल एक झालं की मिश्रण आपणहून गरम होतं. त्या गरमीनं ते साचे वाकडे व्हायचे आणि साबण आत चिकटून बसायचा. आपटून काढला की त्याचे तीन तुकडे. बाकीच्या बाया हसल्या. मनकर्णाला राग आला. वाट्याला येणारी प्रत्येक वस्तू अशी फुसकी कशी असते, हे तिला कधीच कळलेलं नाही.

घरी येऊन तिनं जालिंदरकडून पाइपाचे हात-हातभर तुकडे कापून घेतले. आतून दुधाच्या रिकाम्या पिशव्या उभ्या चिरून गुंडाळल्या, खालचं तोंड प्लास्टिक लावून सायकलच्या ट्यूबनं आवळलं. सरकीचं तेल, करंजाचं तेल आणि बरंचसं खोबरेल. ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ झालं की ओतायचं आणि पाइप गोधडीत गुंडाळून ठेवायचे. दोन दिवसांनी खालून लाकडी दांडक्यानं रेटलं की साबणाचा गुळगुळीत दांडा सळकन बाहेर यायचा. सायकलच्या ब्रेकच्या तारेनं त्याच्या चकत्या करायच्या आणि महिनाभर बाजेवर पसरून वाळवायच्या. कच्चा साबण अंग जाळतो. हा महिना तिनं कधी चुकवला नाही.

साबण दिसायला काहीच नव्हता. पिवळट, गोल, पेढ्यासारखा. पण त्याच्यात एक गुण होता, आणि दुष्काळात दुसरा गुण लागत नाही. टँकरच्या जड पाण्यातही त्याला फेस यायचा आणि तो फेस एका तांब्यात निघून जायचा. बाजारातला साबण लावला की तीन तांबे ओतले तरी अंग चिकट. चार दिवसांतून एकदा टँकर येणाऱ्या गावात तीन तांबे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून उपयोग नाही.

वडवणीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या सुभद्राबाईंना तो गुण लगेच कळला. पोरींना अर्ध्या बादलीत आंघोळ भागवावी लागत होती. "मनकर्णाबाई, महिन्याला तीनशे गोल साबण द्या, कायमचे," त्या म्हणाल्या. ते आणि आठवडी बाजारात विकायचे मिळून बारा बायांचे हात लागायला लागले. त्या वर्षी दसरा झाला आणि गावातल्या बारा बाया पहिल्यांदा ऊसतोडीला गेल्या नाहीत. छबुबाई त्यातली एक. हे सगळं त्या गोल चकत्यांवर उभं होतं. चकत्या थांबल्या की कोयता.

चांगलं चाललेलं गावात दिसलं की ते कुणाच्या तरी नजरेत येतंच. सुंदरराव दूध सोसायटीचे चेअरमन. दूध आटलं होतं, चेअरमनपण आटलं नव्हतं. त्यांनी पुढाकार घेतला, महिलांची गृहोद्योग सहकारी संस्था रजिस्टर झाली, अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. सोसायटीचं रिकामं गोदाम कारखान्याला मिळालं. मनकर्णा सभासद झाली. 'मुख्य कारागीर' असं सत्यभामाबाई चारचौघांत म्हणायच्या आणि खुर्च्या मांडायच्या वेळी विसरायच्या.

गोदामात टँकरच्या पाण्याचे दोन मोठे ड्रम होते. मनकर्णा तांब्या घेऊन त्यांच्याकडे निघाली की कुणीतरी लगबगीनं उठायचं. "थांब, मी देते." बहुतेक वेळा वरच्या आळीतल्या रुक्मिणीबाई. लई गोड आवाजात. कुणी शिवू नको म्हणालं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. नुसतं "थांब, मी देते," आणि वरून तांब्यात धार. दोन वर्षांत मनकर्णाचा हात त्या ड्रमला लागला नाही. तिच्या हातचा साबण मात्र गावातल्या प्रत्येक अंगाला लागत होता. एकदा जालिंदर म्हणाला, "जाऊ दे ना, पानी तर देतेत." त्यावर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

दोन हजार पंधराच्या आषाढात, ढग नुसतेच येऊन जात होते तेव्हा, पुण्याहून एक खोकं आलं. सत्यभामाबाईंनी ते सगळ्यांसमोर उघडलं. आत सिलिकॉनचे साचे. मऊ, निळे, रबरासारखे. पिळले तरी पुन्हा सरळ. मनकर्णानं एक हातात घेऊन वाकवून पाहिला. वस्तू वाईट नव्हती, हे ती आजही मान्य करते. पिशव्या गुंडाळायला नको, दांडक्यानं रेटायला नको. बोटानं मागून दाबलं की साबण हातात. मग तिनं साच्याच्या आत पाहिलं. प्रत्येक खाचेत एक चेहरा होता. टोपी, चष्मा, भरदार नाक.

"साहेब!" सत्यभामाबाई म्हणाल्या.

साहेब म्हणजे कोण हे तिथं सांगावं लागत नाही. साखर कारखाना त्यांचा, बँक त्यांची, तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर फोटो त्यांचा. श्रावणात ते जनावरांच्या छावणीचं उद्घाटन करायला गावात येणार होते. त्याआधी घरटी दोन साबण साहेबांच्या चेहऱ्याचे वाटायचे, अशी सुंदररावांची कल्पना. वाटायचे आणि विकायचे मिळून हजार साबण.

"बाई, याला चेहरा कावून?" मनकर्णानं विचारलं.

"कावून म्हंजे? संस्था कुणामुळं हाय?"

"साबण मोरीत जातो. ज्याचा फोटू भिंतीला लावायचा त्याला मोरीत कसा न्यायचा? माह्या घरात बाबासाहेबांची तसबीर हाय. तिचा कुनी साबण करून दिला तर मी अंगाला लावीन का?"

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. बाई मुळातली वाईट नव्हती. तिलाही हे कुठंतरी पटलं असावं. पण साचे आले होते, आणि ते सुंदररावांनी मागवले होते. "तू साबणाचं बघ, मनकर्णा," त्या म्हणाल्या. "बाकीचं आमी बघतो."

मनकर्णा साबणाचं बघायला लागली तर कोपऱ्यात पाइप नव्हते. एकही नाही. जागा अडत होती म्हणून सुंदररावांनी सकाळीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले होते. दोन वर्षं रोज हाताखालून गेलेले, घासून आतून आरशासारखे झालेले पाइप. तिनं त्या दिवशी गोदामात जो आवाज काढला तो वरच्या आळीपर्यंत गेला. "माह्यी वस्तू! इच्यारलं तरी का?"  प्लास्टिकच्या पाइपासाठी बाई एवढी रडते कशाला, असं रुक्मिणीबाई नंतर म्हणाल्या. मनकर्णा रडत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे खरं, पण ते रडणं नव्हतं.

साबण सिलिकॉनमध्ये ओतले. मनकर्णानं बजावलं होतं, या साच्यात ओल लवकर मरत नाही, पाच दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सुंदरराव चेहरा कसा आला ते बघायला आले आणि त्यांनी आपल्या हातानं साचा सोलला. साबण बाहेर आला. नाक साच्यातच राहिलं. दुसरा सोलला, त्याचंही. पंधरा-वीस साहेब बिननाकाचे ओळीनं पडले आणि सुंदररावांना घाम फुटला.

"हे मुद्दाम केलंस तू!"

"मुद्दाम करायचं असतं तर नाकावर थांबले असते का?" मनकर्णा म्हणाली.

पुढचे साबण पाच-पाच दिवस ठेवले, नाकं शाबूत आली. टोपीवरची घडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. बाया हरखून बघत होत्या. वाळल्यावर घरोघर गेले, आणि मनकर्णानं सांगितलं तेच झालं. एकही साबण ओला झाला नाही. कुणी टीव्हीवर ठेवला, कुणी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. रुक्मिणीबाईंनी तर कुंकवाचं बोट लावलं. साहेबांना काखेत कसं घासायचं? साहेबांवर पाय कसा घासायचा? गावात साबणच साबण आणि गाव चिकट अंगानं फिरत होतं.

वसतिगृहातही तेच. संस्थेनं गोल साबण बंद करून तिथंही साहेबच पाठवले होते. सुभद्राबाईंनी मनकर्णाला निरोप देऊन बोलावलं. तीनशे साबण कपाटात तसेच रचलेले. "पोरी म्हणतात, तोंडाला तोंड कसं घासायचं?" सुभद्राबाई हसत म्हणाल्या, आणि मग हसणं थांबवून म्हणाल्या, "मला पोरींना आंघोळ घालायचीय, बाई. गणपती उठेपर्यंत वाट बघते. गोल साबण आला नाही तर दुसरीकडून घेईन."

परत आली तर गोदामापुढं मोटारसायकल उभी होती. मुकादम उत्तरेश्वर डायरी काढून ऊसतोडीची नावं टिपत होता. त्याला वास येतो; कुठलं घर ढिलं झालं ते त्याला घरातल्या माणसाच्या आधी कळतं. बारापैकी सात बायांनी नावं दिली होती. छबुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तूबी दिलंस?"

"मंग काय करू?" छबुबाई म्हणाली. "साहेबाचं तोंड चाटू?"

 छबुबाईवर रागावून चालणार नव्हतं. ज्यांच्यावर रागवायचं ते मांडव घालण्यात गुंतले होते.

साहेब आले. छावणीतल्या गाईंना चारा घालताना फोटो झाले, भाषण झालं, सहकार हाच दुष्काळावरचा उपाय हे सांगून झालं. मग पंगत. जेवण झाल्यावर हात धुवायला सत्यभामाबाई स्वतः पुढं झाल्या. एका हातात नवा टॉवेल, दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत साबण. सुंदररावांनी तांब्या धरलेला. मनकर्णा मांडवाच्या खांबाशी उभी होती, तिथून तिला सगळं दिसत होतं.

साहेबांनी साबण उचलला आणि त्यावर स्वतःला पाहिलं. आधी हसले. मग साबण उलटा करून सपाट बाजूनं चोळायला लागले, पण उलटा केला की चेहरा तळहातात रुतायचा. आजूबाजूला वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. साहेब थांबले. "फोटो नका काढू रे," म्हणाले. साबण परत ताटलीत ठेवला, अगदी हळू, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा. "दुसरा नाही का एखादा? साधा?"

नव्हता. साधा साबण त्या गावात उरलेला नव्हता. साहेबांनी नुसत्या पाण्यानं हात धुतले. पुऱ्यांचा तेलकटपणा जाईना, म्हणून तीन तांबे लागले.

गाड्यांचा धुरळा खाली बसायच्या आत मनकर्णा सत्यभामाबाईंपुढं जाऊन उभी राहिली. "बगितलं? ज्याचं थोबाड त्यानंच न्हाई लावलं!"

"हळू बोल," सुंदरराव म्हणाले.

"हळू बोलून दोन वर्सं झाली! तुमी माहे पाइप इकले. सात बायांनी कोयत्याला नाव दिलंय, तुमच्या एका नाकापायी! तुमच्या मळ्यात सात बोअरं कोरडी पडलीत, त्यांतला पाइप मला पायजे. भीक न्हाई मागत. माहा नेला, तुमचा द्या."

"आधी बोलायला शीक," सुंदरराव म्हणाले.

"मी बोलते म्हणून तर तुमाला ऐकू येतंय!"

सत्यभामाबाई ताटलीकडं बघत होत्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं गोदामाच्या पुढच्या दारात सतरंजी अंथरली. वसतिगृहातून परत आलेले तीनशे धरून उरलेल्या सहाशे साबणांची पोती ओढून आणली, बारा घरांतून किसण्या मागवल्या. साबण वाया जात नाही. किसायचा, थोडं पाणी घालून मंद जाळावर मऊ करायचा आणि पुन्हा पाइपात भरायचा. हे तिला येत होतं. बायांनाही कळलं. त्या येऊन बसल्या, किसणी मांडीवर घेतली, साबण हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?"

"साहेबाला किसायचं?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पाप लागंल गं."

मनकर्णाच्या डोक्यात तिडीक गेली. "पाप? छबुबाईची पिशवी काढली तवा कुनाला लागलं पाप? फळीवरून मोळीसंगट पडून बायांचे हातपाय मोडले, त्याचं लागलं का कुनाला? साबणाला हाड न्हाई, मास न्हाई, आन तुमाला त्याचं नाक दिसतंय!" तिनं एक साबण उचलला, किसणीवर चेहरा टेकवला आणि जोर लावला. आधी नाक गेलं. मग चष्मा. मग टोपी. पिवळट कीस मांडीवर पडत राहिला आणि तिच्या हातात राहिला एक साधा, गुळगुळीत तुकडा.

 बायांची नजर तिच्यावरून रस्त्याकडं गेली होती. सत्यभामाबाई येत होत्या. मागं त्यांचा सालगडी, खांद्यावर पाइप. निळा, जाड, मातीनं माखलेला.

सत्यभामाबाई दारात आल्या. सतरंजीवरचा कीस पाहिला. त्यात कुठंतरी अर्धा चष्मा शिल्लक होता, तोही पाहिला. सालगड्याला पाइप खाली ठेवायला सांगितलं. मग मागं-पुढं बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या दारी बसा गं. हितनं रस्त्यावरून दिसतंय."

मनकर्णा उठली. कीस झटकला. "बाई, पाइप आणला, ते चांगलं केलं. पण चौदा वर्सं मी ऊस तोडला ते कुनाला दिसलं न्हाई. आता हे दिसू द्या."

तिनं तांब्या उचलला आणि ड्रमकडं निघाली. कीस भिजवायला पाणी लागणार होतं. सवयीनं रुक्मिणीबाई अर्धवट उठल्या. "थांब, मी..."

"बसा," मनकर्णा म्हणाली. "तुमचं किसायचं राहिलंय."

झाकण काढून तिनं तांब्या आत घातला, कोपरापर्यंत हात बुडवून. पाणी खाली गेलेलं होतं. तांब्या गडगडत भरला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. सत्यभामाबाईंनीही ऐकला. पण त्या गेल्या नाहीत.

छबुबाईनं मांडीवरची किसणी सरळ केली.

"मनकर्णे, त्या उत्तरेश्वरला सांगावा धाड. माह्यं नाव खोड म्हणावं," ती म्हणाली, आणि तिनं आपल्या वाट्याचे साहेब किसणीवर धरले.